कातडी बॅगेचा जीर्णोद्धार

जुन्या वस्तूंच्या बाबतींत आपल्या घरांतून दोन पंथ नांदत असतात. एक पंथ दिवाळीच्या साफसफाईला माळा रिकामा करून मोकळा श्वास घेणारांचा; दुसरा, खालीं काढलेल्या ढिगांतील अर्ध्या वस्तु सायंकाळपर्यंत गुपचूप परत माळ्यावर नेऊन ठेवणारांचा. एकाच पंक्तीला जेवणाऱ्या माणसांत हे दोन्ही पंथ असले म्हणजे काय होतें, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. मागील दिवाळीला आमच्या घरीं या दोन पंथांचा तंटा एका कातडी बॅगेवरून झाला, आणि त्या तंट्यांतूनच हा लेख निघाला आहे.

बॅग आमच्या आत्याबाईंची. गिरगांवांतील एका मुलींच्या शाळेंत त्या शिक्षिका होत्या आणि आमच्या घरांतून पगारासाठीं उंबरठा ओलांडणाऱ्या त्या पहिल्याच. पहिल्या वर्षाच्या पगारांतून थोडेथोडे पैसे बाजूला टाकून त्यांनीं ही बॅग घेतली होती. तपकिरी कातडें, पितळेची चौकट, वर खटक्याचें तोंड, त्यावर येणारें झांकण आणि हातांत धरावयास दोन मुठी. आमच्या आजीचें सोंवळें कडक. कातड्याची वस्तु बाहेरच्या खोलीच्या पलीकडे यावयाची नाहीं असा तिचा दंडक होता. त्यामुळें शाळेंतून परत आल्यावर आत्याबाई बॅग दाराजवळच्या खुंटीला अडकवीत, हातपाय धूत आणि मगच आंत जात. पगाराच्या दिवशीं मात्र त्या खुंटीवरच्या बॅगेंतून नोटा काढून आजीच्या हातीं देत आणि आजी त्या देवापुढें ठेवी. बॅग बाहेर, बॅगेंतले पैसे देव्हाऱ्यांत! यांत कोणाला कांहीं विसंगत वाटत नसे. ज्या घरांत आजोबा मृगाजिनावर बसून संध्या करीत आणि कीर्तनाचा मृदंग थेट देवासमोर वाजे, त्या घरांत अशा विसंगतीचा हिशेब कोण ठेवणार?

आत्याबाई निवर्तल्यावर बॅग ट्रंकेंत गेली व ट्रंक माळ्यावर. आतां ती खालीं उतरली तेव्हां मुठी झिजून आंतली दोरी दिसत होती, एका कडेची शिवण उसवली होती, पितळेवर हिरवा थर चढला होता, पाठीवर पांढरट बुरा होता, आणि कोपऱ्यांना बोट लावलें कीं तांबडी पूड हाताला येत होती. धाकट्या बंधूंचें मत पडलें कीं अशा बॅगेला कचऱ्याच्या गाडीवांचून गति नाहीं. पुतण्यानें मोबाईलवर एक चित्रफीत दाखविली. तींत कोणी परदेशी कारागीर असलीच एक बॅग घासून, रंगवून, वर झिलई देऊन घटकाभरांत आरशासारखी करीत होता. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "खोबरेल लावा, मऊ येईल." सूनबाईचें नुकतेंच एका कचेरींत काम लागलें होतें. ती एवढेंच म्हणाली, "मला ती आत्याआजींचीच दिसावी, पण वापरतां यावी."

खोबरेलाला आम्हीं जरा जोरानेंच विरोध केला, कारण तो प्रयोग आमच्या हातून पूर्वीं घडलेला होता. पंधरा वर्षांपूर्वीं हीच बॅग एकदां खालीं आली असतां, कातडें कोरडें पडलें आहे तेव्हां त्याला तेल पाहिजे, अशा भाबड्या समजुतीनें आम्हीं तिच्या झांकणाला खोबरेल चोळलें. त्या दिवशीं झांकण मोठें तुकतुकीत दिसलें. आठवड्याभरांत तेथें काळसर डाग उमटला. आणि जानेवारींत पाहतों तों त्यावर पांढरी साय! बुरशी समजून ती पुसली, तर पुन्हां आली. खोबरेल सुमारें २४ अंश सेल्सियसच्या खालीं गोठूं लागतें, हें थंडींत बाटली उन्हांत ठेवणाऱ्या घरांतील माणसानें विसरावें, याला काय म्हणावें? कातड्यांत मुरलेलें तेल वर येऊन थिजत होतें, इतकेंच. तो डाग आजतागायत गेलेला नाहीं. शेंगदाण्याचें तेल खवट होऊन धूळ धरतें. जवसाचें तेल हवेनें वाळून कडक पापुद्रा धरतें, हा रंगाऱ्याच्या दृष्टीनें गुण, पण कातड्याच्या दृष्टीनें मोठाच अवगुण.

पांढरा थर बुरशीचा कीं तेलाचा हें ओळखण्याची एक सोपी युक्ति आम्हांला पुढें कळली. केस वाळविण्याच्या यंत्राची कोमट झुळूक दुरून क्षणभर त्यावर सोडावी. थर विरघळून दिसेनासा झाला तर तो तेलाचा. जसाच्या तसा राहिला तर बुरशीचा. झुळूक कोमटच असावी. कातडें उष्णतेनें, विशेषतः ओलें असतां, आखडतें. आणि जुनें जीर्ण कातडें नव्यापेक्षां पुष्कळच कमी उष्णतेला आखडतें. एकदां आखडलेलें कातडें कोणाच्यानेंहि पूर्ववत् होत नाहीं.

वैद्य नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं. येथेंहि आधीं वस्तूची परीक्षा व्हावी. प्रथम ती खरोखर कातड्याची आहे ना, हें पाहावें. पुष्कळ जुन्या "कातडी" बॅगा रेक्झिनच्या, म्हणजे कापडावर लेप दिलेल्या असतात. फाटक्या कडेला डोळा लावला तर आंतलें विणलेलें कापड दिसतें. त्यांचा लेप उडूं लागला म्हणजे त्याला घरगुती उपाय नाहीं, उगीच श्रम करूं नयेत. कातडें असल्यास तें कोणत्या रीतीनें कमावलेलें आहे तें पाहावें. (कातडें आणि पैसा, दोहोंनाहि आपण कमावणें हाच शब्द वापरतों; आत्याबाईंच्या बॅगेच्या बाबतींत तो दोन्ही अर्थांनीं खरा आहे.) आपल्याकडील जुनी रीत झाडांच्या सालींची व फळांची: बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा. आपल्या सह्याद्रींतील हिरडा तर याच कामासाठीं विलायतेला जात असे. दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. अमेरिकेंत ऑगस्टस शुल्ट्झनें १८८४ सालीं तिचें पेटंट घेतलें, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आल्फ्रेड चॅटर्टन यांच्या खटपटीनें ती मद्रास इलाख्यांत आली. कापलेली कड पाहिली तर सालीनें कमावलेलें कातडें आरपार तपकिरी दिसतें. क्रोमच्या कातड्याच्या पोटांत बहुधा निळसर-करडी रेघ असते. झांकणाच्या आंतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब टेकवून पाहावा. तो लागलीच शोषला जाऊन डाग गडद झाला, तर त्या कातड्यावर संरक्षक लेप उरलेला नाहीं असें समजून पाण्याला फार जपावें.

आमच्या बॅगेच्या परीक्षेंत घरांतील एका जुन्या प्रश्नाचाहि निकाल लागला. बॅग कोणत्या जनावराच्या कातड्याची, असें आजी विचारी आणि आत्याबाई न चुकतां "शेळीच्या" म्हणून सांगत. भिंगाखालीं शेळीच्या कातड्यावर केंसांचीं छिद्रें लहान-लहान पुंजक्यांनीं ओळींत दिसतात. गाईच्या वा वासराच्या कातड्यावर तीं सर्वत्र सारखीं विखुरलेलीं असतात. पुतण्यानें भिंग धरलें; बॅगेचें अंग खरोखरच शेळीचें निघालें. मुठी मात्र जाड, भरड छिद्रांच्या, बहुधा म्हशीच्या. तेव्हां आत्याबाई खोटें बोलल्या नव्हत्या. सगळें बोलल्या नव्हत्या इतकेंच.

आतां त्या तांबड्या पुडीकडे वळूं, कारण सर्वांत अवघड रोग तोच. इंग्रजींत त्याला "रेड रॉट" म्हणतात. सालीनें कमावलेल्या कातड्यावर हवेंतील गंधकाच्या वायूची क्रिया होऊन आम्ल तयार होतें, आंतले तंतु तुटूं लागतात आणि पृष्ठभागाचा भुगा होतो. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनें नेमलेल्या समितीनें पुस्तकांच्या कातडी बांधणीची दुर्दशा तपासून १९०५ सालीं या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. तरवडासारख्या सालींनीं कमावलेलें कातडें हिरड्याच्या वा सुमाकाच्या कातड्यापेक्षां या रोगाला लवकर बळी पडतें. ज्या मुंबईंत कापडाच्या गिरण्यांचीं धुराडीं कोळशाचा धूर ओकत होतीं, तेथें वर्षानुवर्षें खुंटीला टांगलेल्या बॅगेची काय कथा!

हा रोग बरा होत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. तुटलेले तंतु तेलानें सांधत नाहींत. उलट तेलानें तो भुगा चिकट होतो. ब्रिटिश म्युझियमच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें लॅनोलिन, मधमाश्यांचें मेण व सीडरचें तेल यांचें मिश्रण ग्रंथालयांतून बरींच वर्षें कातडी पुस्तकांना लावीत असत. पण संग्रहालयांतील जाणते लोक हल्लीं अशा तेलकट लेपांना फारसे अनुकूल नाहींत. हल्लींचा उपाय निराळा आहे. हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज नांवाची एक पांढरी भुकटी मिळते. ती शुद्ध अल्कोहोलांत शेंकडा एक-दोन भाग विरघळवून पातळ द्रव करावा व मऊ कुंचल्यानें भुगा सुटणाऱ्या जागीं हलकेंच टेकवावा. भुगा जागच्याजागीं बसतो, कपड्यांना लागत नाहीं. रंग किंचित् गडद होतो, यास्तव आधीं दडलेल्या जागीं करून पाहावें. अल्कोहोल पेट घेतें. काम खिडकीपाशीं करावें, आणि देव्हाऱ्यांतील समई किंवा स्वयंपाकघरांतील शेगडी पेटलेली असतां मुळींच करूं नये. आम्हीं चारहि कोपऱ्यांना दोन दिवसांच्या अंतरानें दोनदां हा द्रव दिला. कोपरे नवे झाले नाहींत, झडावयाचे थांबले.

पाठीवरचा बुरा मात्र बुरशीचाच निघाला. बुरशी घरांत झाडूं नये, तिचे सूक्ष्म कण सर्व कपाटांत पसरतात. सज्जांत नेऊन, नाकातोंडाला फडकें बांधून, मऊ कुंचल्यानें ती काढावी आणि बॅग हवेशीर सांवलींत ठेवावी. आपल्या घरांतून प्रत्येक वस्तूला "उन्हें दाखविण्याची" चाल आहे. गाद्यांना, डाळींना ती उत्तम, कातड्याला घातक. साबणहि टाळावा, घोड्याच्या खोगिराला लावतात तो प्रसिद्ध साबणसुद्धां. साबण क्षारयुक्त आणि कमावलेलें कातडें स्वभावतःच आम्ल, असा त्यांचा उभा दावा आहे. खाण्याचा सोडा आंत शिंपडूं नये तो याच कारणानें. कुबट वास घालवावयाचा असल्यास सोड्याची वाटी किंवा लोणारी कोळसा बॅगेशेजारीं ठेवून दोन्ही एका मोठ्या डब्यांत आठवडाभर झांकून ठेवावे. आम्हांला कोळशानें गुण आला.

पितळेवरचा हिरवा थर म्हणजे कातड्यांतील स्निग्धांश व तांबें यांच्या संयोगानें झालेला कळक. आमच्या खोबरेलानें त्यांत भरच पडली असणार. बांबूच्या दांतकोरणीनें तो खरडून निघतो. वहिनींनीं चिंचेचा गोळा पुढें केला होता. भांड्यांना चिंच ठीक. पण येथें पितळ कातड्यांत खोवलेलें आहे आणि चिंचेचें पाणी कातड्यावर ओघळल्यास काळे डाग पडण्याची धास्ती. कोरड्या फडक्यानें चौकट चमकेल तितकी चमकूं दिली.

अस्तर साटिनचें होतें. तें बाहेर उलटून झटकतांना शिवणींतून खडूची पूड, एक वांकडी टांचणी आणि ट्रामच्या तिकिटाचा अर्धा तुकडा पडला. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजीं कायमची बंद झाली, तेव्हां तो तुकडा त्यापूर्वींचा. अस्तर उलटण्यापूर्वीं खालीं जुनें धोतर अंथरावें ही सूचना आम्ही याच अनुभवावरून करतों. जमिनीवर पडता तर झाडूबरोबर गेला असता.

आतां मुठी. येथें घरगुती कौशल्याची मर्यादा आली. कातड्याची शिवण यंत्राच्या शिवणीहून निराळी असते. एकाच मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन टोंकांना दोन सुया, आणि प्रत्येक छिद्रांतून दोन्ही सुया समोरासमोरून जावयाच्या. एक टांका तुटला तरी शेजारचे उसवत नाहींत. उसवलेली कड आम्हीं स्वतः याप्रमाणें शिवली, जुन्याच छिद्रांतून. नवीं छिद्रें पाडणें म्हणजे जीर्ण कातड्याला टपालाच्या तिकिटासारखें फाडण्याची सोय करणें होय. परंतु मुठीचें काम हाताबाहेरचें दिसलें, म्हणून गल्लीच्या तोंडाशीं बसणाऱ्या चर्मकार गृहस्थांना वर बोलाविलें. ते बाहेरच्या खोलींत, त्याच खुंटीखालीं, रापी आणि आरी घेऊन बसले. आजीच्या काळीं या माणसाला जिना चढूं दिला नसता. त्याच्या बिरादरीनें कमावलेल्या, शिवलेल्या बॅगेंतले पैसे मात्र घरांत चालत होते. ही गोष्ट त्या दिवशीं कोणी बोलून दाखविली नाहीं. चहा झाल्यावर त्यांनीं मुठीवरून अंगठा फिरविला आणि विचारलें, "बाई उजव्या हातांत धरायच्या ना?" एका मुठीची झीज एकाच बाजूला होती, तेवढ्यावरून.

त्यांचा पहिला सल्ला दोन्ही मुठी नव्या घालण्याचा होता. बळकटीच्या दृष्टीनें तो बरोबरच होता. सूनबाई कबूल होईना. अखेर त्यांनीं झिजलेल्या वेष्टनाखालीं शेळीच्या पातळ कातड्याची पट्टी सरकवून, दोरी झांकून, जुन्याच छिद्रांतून टांके घातले. "जड डबा घालूं नका, वही आणि पाकीट घाला," असें बजावून ते गेले.

रंगाचा वाद अजून मिटावयाचा होता. पुतण्यानें रंगाची बाटली मागवून ठेवली होती, आणि त्याचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. क्रोमच्या कातड्याच्या, मुळांतच रंगाचा लेप दिलेल्या बॅगेला तसाच लेप पुन्हां देतां येतो, आणि रोजच्या वापराची साधी बॅग असेल तर द्यावाहि. पण येथें कातड्याचा पोत उघडा होता. त्यावर रंगाचा थर चढविला म्हणजे केंसांचीं तीं छिद्रें, खुंटीनें पाडलेला वळ, मुठीवर तळहातानें आलेली काळसर झांक, सर्व एका तपकिरी पडद्याखालीं जाणार. आणि तो थर पुढें काढूं म्हटलें तर कातड्याचा पापुद्रा घेऊनच निघणार. शेवटीं मूळ रंगाशीं जुळणारी मेणाची मलई खरवडलेल्या दोन जागांवर, तिळाएवढी घेऊन, कापसाच्या बोळ्यानें टेकविली. मलई आधीं झांकणाच्या आंत लावून एक दिवस वाट पाहिली होती. खोबरेलाचा डाग तसाच ठेवला. तो आमचा आहे, आत्याबाईंचा नव्हे, म्हणून काढण्याची इच्छा फार होती. पण डाग काढण्यासाठीं जें जें सुचविलें गेलें, त्यानें भोंवतालचेंहि कातडें गेलें असतें.

मध्यंतरीं एका जाणत्या स्नेह्यानें नीट्सफूट ऑइलची बाटली आणून दिली. हें तेल गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात, असें पुतण्यानें मोठ्यानें वाचून दाखविलें, आणि वहिनींनीं ती बाटली फडक्यानें धरून परत पाठविली. ज्या वस्तूला तेल लावावयाचें ती स्वतः कशाची आहे, असें विचारण्याचा मोह आम्हीं आवरला. तेल नकोच होतें, तेव्हां वाद वाढविण्यांत अर्थ नव्हता.

मुंबई-कोंकणच्या वाचकांसाठीं पावसाळ्याविषयीं दोन शब्द. हवेंतील आर्द्रता शेंकडा ६५ च्या वर बराच काळ राहिली कीं बुरशीला सुगी येते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती बहुधा त्याच्या वरच असते. प्लॅस्टिकच्या पिशवींत बॅग बांधून ठेवणें म्हणजे ओलावा आंत कोंडणें. मलमलीच्या पिशवींत ठेवावी. आंत वर्तमानपत्र कोंबूं नये, शाई अस्तराला लागते. धुतलेल्या जुन्या सुती कापडाचे बोळे घालावे म्हणजे आकार राहतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या, पण त्या ओलावा पिऊन भरल्या म्हणजे बदलाव्या लागतात हें कोणी लक्षांत ठेवीत नाहीं. दर पंधरवड्यास उघडीप मिळेल त्या दिवशीं बॅग कपाटाबाहेर काढून दोन तास वाऱ्यावर ठेवणें, हें सर्व पुड्यांहून श्रेष्ठ. आमच्या घरीं तें काम वहिनींनीं आपण होऊन पत्करलें आहे.

सूनबाई ती बॅग आठवड्यांतून दोनच दिवस नेते, आणि पावसाळ्यांत मुळींच नाहीं. पहिल्या महिन्याचा पगार तिच्या हातीं आलाच नाहीं, तो परस्पर बँकेंत जमा झाला; तेव्हां देवापुढें काय ठेवावें असा वहिनींना प्रश्न पडला. सूनबाईनें बॅग खुंटीवरून काढली, आंत नेली आणि देव्हाऱ्यापुढें पाटावर ठेवली. वहिनींनीं एकदां तिच्याकडे, एकदां बॅगेकडे पाहिलें आणि हळदकुंकवाची कोयरी पुढें केली. मात्र कुंकू कातड्याला लागूं नये म्हणून तें पितळेच्या चौकटीलाच लाविलें. ट्रामचें तिकीट आंतल्या कप्प्यांत आहे.